मागचा दिवा

टेम्पोवाला गॅरेजमध्ये शिरला तोच ओरडत. "लोकांच्या गाड्या नंतर दुरुस्त करा, आधी बायकोच्या गाडीचा ब्रेकलाइट बघा! मधेच हळू होते, मागे दिवा नाही, काही नाही. पोरगी बसली होती मागे. माझा पाय ब्रेकवर होता म्हणून वाचल्या दोघी."

माझं पित्तच खवळलं. एक तर छोट्या इलेक्ट्रिक गाड्या दुरुस्त करणं हाच माझा धंदा, आणि त्यात ती गाडी मी माझ्या हातांनी बांधलेली. मोडीत आलेल्या गाड्यांमधून एकीची फ्रेम घेतली, दुसरीची मोटर, आणि बायकोच्या मापाने सीट खाली आणून दिली. बायको डावखुरी. म्हणून ब्रेकचा लिव्हर एकच ठेवला, डाव्या हाताला, दोन्ही चाकं धरणारा. उजवी मूठ पिळली की गाडी पळते. डावा लिव्हर दाबला की थांबते आणि मागचा मंद लाल दिवा भडक होतो. इतक्या सरळ गाडीला कुणी नावं ठेवली की मला माझ्या लेकीला बोल लावल्यासारखं वाटतं.

"थांबा, जाऊ नका," मी टेम्पोवाल्याला म्हणालो आणि बायकोला हाक मारली. गॅरेजच्या मागच्या दोन खोल्या म्हणजेच आमचं घर, त्यामुळे हाकेला ओ यायला वेळ लागत नाही.

ब्रेकलाइट एकट्याने तपासणं अवघड. हात पुढे लागतात आणि डोळे मागे. आमच्याकडे त्याची वाटणी कधीचीच ठरलेली होती. मिस्त्री मी, म्हणून सीटवर मी बसायचं आणि लिव्हर दाबायचा. बायकोने मागे उभं राहून काय दिसतं ते सांगायचं. गिऱ्हाइकांच्या गाड्याही आम्ही अशाच तपासायचो. माझ्या शेजारी उभं राहून तिला निम्मा धंदा कळायला लागला होता आणि ती मला सगळ्यांसमोर "काय मिस्त्री" म्हणायची.

मी लिव्हर दाबला.

"लागला," ती मागून म्हणाली.

सोडला. "विझला." पुन्हा दाबला. "लागला."

"बघा," मी टेम्पोवाल्याला म्हणालो. "आता घरी जा आणि झोप पुरी करा."

तो पुटपुटत गेला. मी खुशीत बायकोकडे बघितलं, पण तिला हसू आलं नव्हतं. ती म्हणाली, "बल्ब बदलून टाका ना तरीपण."

बदलला. लेक रोज तिच्यामागे बसून शाळेला जायची. तिला सोडून बायको पुढे शिंप्याच्या दुकानात जायची, कापड कापायच्या कामावर. मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या वाटेत पहिली पाठ माझ्या लेकीची होती. तिथे हयगय करून चालणार नव्हतं.

पण त्या आठवड्यात काजंवाली आली. ती त्याच दुकानात काजं-बटणं करते आणि आमच्याच बाजूला राहते. तिच्या जुन्या स्कूटरची चार्जिंगची पिन मोडली होती. मी पिन बदलत असताना ती म्हणाली, "भाऊजी, तुमच्या मंडळींच्या गाडीचा मागचा दिवा लागत नाही हो. हल्ली ती कापायला बसत नाही ना, पुढे काउंटरवर मापं घेते, मग आम्ही बरोबरच सुटतो. मी तिच्या मागेच असते रोज. थांबली तरी लागत नाही."

संध्याकाळी मी बायकोला विचारलं, "कापणं सोडलंस?"

"डोळ्यांवर ताण येतो."

"मग चष्मा कर की," मी म्हणालो आणि गाडीकडे वळलो. मला त्या वेळी डोळ्यांपेक्षा दिवा महत्त्वाचा वाटत होता.

गाडीचं मी मग काही तपासायचं बाकी ठेवलं नाही. मागचं झाकण उघडून वायरचा जोड पाहिला. जोडावर हिरवी बुरशी धरते कधीकधी. ती नव्हती, तरी पॉलिश पेपरने घासला. फ्रेमला जिथे अर्थिंगची वायर कसलेली असते तिथला रंग खरवडून उघडं लोखंड काढलं आणि वायर पुन्हा आवळली. मोठ्या बॅटरीचं व्होल्टेज कमी करून दिव्याला देणारा कन्व्हर्टर असतो, तो मीटर लावून मोजला. ठणठणीत. लिव्हरच्या खोबणीत सुपारीएवढा स्विच असतो. लिव्हर जरा हलला की तो सुटतो, दिवा लागतो आणि मोटर बंद होते. तो स्विच चांगला असून काढला, नवा घातला. प्रत्येक वेळी मी सीटवर, बायको मागे. प्रत्येक वेळी "लागला."

आणि रस्त्यावर गेली की लागत नव्हता. मी अक्षरशः इरेला पेटलो. गिऱ्हाइकांच्या गाड्या तशाच पडून राहिल्या. लेक म्हणायला लागली, "बाबा, आईच्या गाडीवर तुमचं आमच्यापेक्षा जास्त प्रेम आहे." बायको मात्र एका शब्दाने कुरकुरली नाही. मी झाकण उघडलं की ती स्टूल घेऊन शेजारी येऊन बसायची. "आज काय सापडलं?" असं अगदी मनापासून विचारायची. मी स्विच म्हटलं की तिला स्विच पटायचा, वायर म्हटलं की वायर. मला वाटायचं, वा, काय बायको मिळाली आहे.

तिच्या दादाबद्दल इथे सांगायला हवं. त्याला जाऊन फार काळ झाला नव्हता. शेवटचे दिवस तो आमच्याकडेच होता, आतल्या खोलीत. त्याचं सुरू झालं ते कुलपात किल्ली फिरेना इथपासून. मग शर्टाची बटणं लागेनात. मग हात गेले, पाय गेले, गिळणं गेलं, आणि डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख. मला "दाजी" म्हणायचा. शेवटी त्या दोन अक्षरांनाही त्याला दम लागायचा. त्यांच्या वडिलांचंही असंच झालं होतं. हा आजार रक्तातून येतो, म्हणजे नेहमीच येतो असं नाही, पण यांच्या घरात येतो असं डॉक्टरांनी बायकोला समोर बसवून सांगितलं. एक तपासणी असते, करून घ्या म्हणाले. ती म्हणाली, "नको. औषध आहे का त्यावर? नाही ना? मग मला नाही कळून घ्यायचं." मीही मान डोलावली. लेकीला आम्ही यातलं काही सांगितलं नाही. मामा आजारी होता आणि गेला, एवढंच तिला माहीत.

शेवटी मी ठरवलं, बायकोला न सांगता मागे जायचं. एका गिऱ्हाइकाची गाडी काढली, हेल्मेट चढवलं आणि सकाळी दोघींच्या मागे निघालो. लेक मागे बसून मोठ्याने काहीतरी सांगत होती, हातवारे करत होती. चौकात गाडी हळू झाली. दिवा नाही. गतिरोधकापाशी हळू झाली. दिवा नाही. शाळेच्या फाटकापाशी पार थांबली, लेक उतरली, आणि मागचा दिवा आपला तसाच मंद.

आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. मी रस्त्यातच मोठ्याने हसलो.

झालं होतं असं. या गाड्यांची मूठ सोडली की मोटर चाकाला उलटी ओढते, त्यामुळे ब्रेक न दाबताही गाडीचा वेग उतरतो. किती ओढायचं ते कंट्रोलरमध्ये ठरवता येतं. काही महिन्यांपूर्वी बायकोनेच मला म्हटलं होतं, "मूठ सोडली की गाडी पटकन थांबेल असं करून द्या." मी ती ओढ पार शेवटपर्यंत वाढवून दिली होती. म्हणजे बाईसाहेब ब्रेक दाबतच नव्हत्या! आणि दिवा बिचारा लिव्हरचं ऐकतो, मुठीचं नाही. लिव्हरला हातच लागला नाही तर तो लागणार कसा?

घरी आल्यावर मी तिची अशी फिरकी घेतली की विचारू नका. "एवढ्या वायरी सोलून घेतल्यास माझ्याकडून आणि स्वतः ब्रेकला हात लावत नाहीस! एक बोट उचलायचा आळस?"

ती हसली नाही. "थांबते ना गाडी. राहू द्या ना तसंच."

"मागच्याला कळायला नको? लेक बसते मागे."

"मग मूठ सोडली की दिवा लागेल असं नाही का करता येत?"

करता येतं. अर्ध्या दुपारचं काम. पण माझा स्वभाव आडवा आला. मी तिला ऐकवलं, तू ब्रेक दाबायचा कंटाळा करणार आणि त्यासाठी मी चांगलं वायरिंग उसकटणार, हे व्हायचं नाही. तिच्यादेखत मी कंट्रोलरला लॅपटॉप जोडला आणि मोटरची ओढ शून्यावर आणून ठेवली. "आता मूठ सोडलीस तरी गाडी पळत राहील," मी म्हणालो. "आता कशी दाबत नाहीस बघतो."

ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी लॅपटॉप मिटेपर्यंत ती बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काजंवालीचा फोन आला. गोदामांच्या उतारावर गाडी थांबलीच नाही. खाली वळणावर मालाचा ट्रक आडवा लागत होता, त्याला चुकवायला बायकोने गाडी एका गोदामाच्या बंद शटरवर घातली.

मी पोचलो तेव्हा दोघी दवाखान्यात बाकावर बसल्या होत्या. बायकोचा गुडघा सुजून डबल झालेला. लेकीच्या हनुवटीला टाके, युनिफॉर्मवर रक्त. ती मला बघून रडायला लागली आणि म्हणाली, "बाबा, आई ओरडत होती, पाय टाक, पाय टाक. मला आधी कळलंच नाही काय करायचं." तिचे बूट मी बघितले. रस्त्यावर घासून टाचांकडून झिजले होते, आतलं कापड दिसत होतं.

ट्रक आणखी थोडा मागे आला असता तर? मला त्या बाकावर बसवेना. आणि मला भीती वाटली की मी चिडतो, हे माझं जुनंच आहे.

गाडी गॅरेजमध्ये आणली. पुढचा फोर्क वाकला होता, पण मी आधी ब्रेक बघितला. पॅड अजून करकरीत, केबल मऊ, लिव्हर दाबला की दोन्ही चाकं जागच्या जागी जाम. मागे भिंतीवर लाल उजेड पडला. कुठे म्हणून दोष नव्हता. म्हणजे दोष चालवणारीचा. गॅरेज मी बंद ठेवलं होतं, दुपारची वेळ, लेक आत झोपली होती. मी बायकोला बाहेर बोलावलं.

"झोपली होतीस का? पोरीचा जीव गेला असता! ब्रेक चांगला आहे. बघ, हा बघ."

ती लंगडत गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली, सवयीने.

"मागे नको. इकडे ये. बस आणि दाबून दाखव मला."

"तुम्हीच दाबा. मी सांगते मागून."

"मी दाबला की लागतो, ते कळलंय मला. तू दाब."

ती आली. दुखऱ्या गुडघ्यावर हात दाबत सीटवर बसली. डावा हात लिव्हरवर ठेवला. मी मागे गेलो. इतक्या दिवसांत मागे उभं राहायची माझी ती पहिलीच वेळ.

"दाब."

दिवा मंदच.

"अगं दाब ना."

"दाबलाय."

"पूर्ण दाब!"

"अहो, दाबलाय."

तिचा आवाज असा आला की मी तसाच पुढे गेलो. तिची चारही बोटं लिव्हरवर होती. खांदा पुढे आला होता, मानेची शीर ताठ झाली होती, ओठ दाताखाली. तिचं सगळं अंग तो लिव्हर ओढत होतं आणि लिव्हर केसभरसुद्धा हलला नव्हता. बोटांच्या टोकांना बारीक कंप होता. आणि अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, यांच्या मधे हाताला जो मांसाचा उंचवटा असतो, तो नव्हता. तिथे खळगा होता. एका तांदळाच्या दाण्याला नीट निजता येईल इतका खोल. तो खळगा मी ओळखत होतो. तिच्या दादाचा हात मी रोज तेल लावून चोळायचो.

मी तिच्या मनगटाला हात लावला. 

"कधीपासून?" मी विचारलं.

"कात्री निसटायला लागली तेव्हापासून." तिने हात लिव्हरवरून काढून मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने झाकला. "आधी वाटलं कात्रीलाच धार नाही. दोनदा लावून आणली."

"आणि मला सांगितलं नाहीस. मी मूर्खासारखा वायरी घासत बसलो. तू शेजारी बसून बघत होतीस. आज काय सापडलं म्हणून विचारत होतीस!"

"हो," ती म्हणाली. "तुम्ही रोज म्हणायचात, दोष गाडीत आहे. आज स्विच, उद्या वायर. इतक्या खात्रीने बोलायचात. ऐकायला बरं वाटायचं हो. मला वाटायचं, कदाचित खरंच सापडेल."

मी गाडीची चावी काढून खिशात टाकली. 

"पण काल तरी बोलायचंस," मी म्हणालो. "मी ओढ काढून टाकत होतो तेव्हा तरी. तुला माहीत होतं, हात चालत नाही."

तेव्हा ती रडली. त्याआधी नाही. "मला वाटलं, जोर लावला तर जमेल. सकाळी गाडी काढताना थोडा हलला होता लिव्हर. खरंच हलला होता. मी पोरीला घेऊन गेले, कळतंय का तुम्हाला? मला माहीत असून मी तिला मागे बसवलं."

मी तिला जवळ घेतलं. ग्रीसचे हात तसेच. तिचा तो हात माझ्या शर्टाला धरायला बघत होता आणि कापड बोटांतून सुटत होतं. मी तिला तपासणी करू, मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ, असं बरंच काही बोलत राहिलो. ती हो म्हणत राहिली. दोघांनाही ठाऊक होतं की आम्हाला पुढचं सगळं पाठ आहे.

संध्याकाळपर्यंत तिने डोळे पुसून हिशोबी बोलायला सुरुवात केली. ती अशीच आहे. "मी आता गाडीला हात लावणार नाही. पोरीला शिकवा. कधीची मागे लागली आहे. शाळेचं शेवटचं वर्ष आहे, तीच चालवेल. मी तिच्या मागे बसेन."

"आणि तिला काय सांगायचं?"

"आईचा गुडघा."

"नंतर?"

"नंतरचं नंतर," ती म्हणाली. मग थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिला कधी सांगायचं ते मला नाही ठरवता येत. एकदा सांगितलं की ती रोज स्वतःचे हात बघत बसेल. मी बघत बसते तशी."

तोपर्यंत माझं डोकं बायकोपाशीच अडकलं होतं. लेकीकडे ते गेलंच नव्हतं. आजोबा, मामा, आई. त्या क्षणी गेलं.

फोर्क सरळ केला. मोटरची ओढ पुन्हा वाढवली. मूठ सोडली की दिवा लागेल असं वायरिंगही करून टाकलं. हनुवटीचे टाके निघाले त्या दिवशी लेक शाळेतून आल्या आल्या गॅरेजमध्ये हजर. दप्तर फेकलं, केस बांधले आणि सीटवर चढून बसली. इतकी आनंदात होती की हनुवटीची पट्टी हसताना ओढली जात होती. "चला मिस्त्री, शिकवा," ती आईची नक्कल करत म्हणाली. बायको आतून बाहेर आली आणि मागे जाऊन उभी राहिली.

"आधी ब्रेक," मी म्हणालो. "गाडी पळवायला कुणीही शिकतं. डावा हात. दाब."

तिने नुसत्या दोन बोटांनी दाबला. "ई, किती हलका आहे! आई, लागला ना गं?"

मागून उत्तर आलं नाही.

"चारही बोटांनी," मी म्हणालो. "जोरात. धरून ठेव तसाच."

तिने धरून ठेवला. मी वाकलो. अंगठ्याच्या शेजारचा मांसाचा उंचवटा गोल होता, भरलेला, शाईचा डाग पडलेला. मी तो अंगठ्याने दाबून बघितला. घट्ट होता. तरी पुन्हा दाबला. मग वर बघितलं तर बायको मागची जागा सोडून गाडीच्या पलीकडे येऊन उभी होती आणि वाकून तिथेच बघत होती, जिथे मी बघत होतो. आमची नजर एकमेकांना भेटली आणि आम्ही दोघांनीही ती काढून घेतली.

"अहो बाबा, बोटं दुखली ना, किती वेळ धरायचं," लेक वैतागून म्हणाली. "आणि दिवा तर मागे आहे. तुम्ही दोघं माझ्या हाताकडे काय बघताय?"